तीन हजारांत तीन

मराठीत ‘फॉक्स’च्या पोटातल्या कृमीवर पुस्तक लिहायला बसलं की पहिली अडचण प्राण्याच्या नावाचीच येते. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, जो उसाच्या फडात राहतो आणि दिवेलागणीनंतर ज्याची कोल्हेकुई ऐकू येते, तो युरोपातला फॉक्स नव्हे. फॉक्सचा आपल्याकडचा खरा भाऊबंद म्हणजे खोकड. माळरानावर बीळ करून राहणारं, सडपातळ, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असलेलं. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा त्यातल्या खोकडाचा कोल्हा झाला आणि द्राक्षं आंबट ठरवून तो आपल्या म्हणींत जाऊन बसला. गोष्टीत ते खपून गेलं. या पुस्तकात खपणार नाही, कारण इथे सगळं काम ओळख पटवण्याचं आहे. म्हणून पुढे सगळीकडे मी ‘लाल खोकड’ हेच नाव वापरलं आहे. अंगावर तांबूस लव, शेपटीचं टोक पांढरं, आणि वावर युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिका, जपानपर्यंत.

या लाल खोकडाच्या लहान आतड्यात एक पट्टकृमी राहतो. पट्टकृमी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कित्येक मीटर लांबीची पांढरी फीत येते. हा तसा नाही. पूर्ण वाढ झालेला कृमी सव्वा ते साडेचार मिलिमीटर भरतो, म्हणजे मोठा झाला तरी तिळापेक्षा थोडासाच लांब. अंगाचे खंड बहुधा चार-पाच. शास्त्रीय नाव ‘एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस’. जर्मन माणूस त्याला नुसतं ‘फुक्सबांडवुर्म’, म्हणजे खोकडाचा पट्टकृमी म्हणतो. स्वीडिश माणूस त्याच्या नावात ‘बुटका’ हा शब्द घालतो, आणि मला ते जास्त नेमकं वाटतं.

हा बुटका खोकडाला जवळजवळ काहीच त्रास देत नाही. हजारो कृमी पोटात असलेलं खोकड धडधाकट दिसतं, शिकार करतं, पिल्लं वाढवतं. कृमीचा शेवटचा खंड अंड्यांनी भरतो, तुटतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. ती अंडी गवतावरून व्होलच्या पोटात जातात. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, कुरणात बिळं करणारा उंदीर. त्याच्या यकृतात अळीची वाढ होते, हजारो कृमींची डोकी तयार होतात, आणि तो व्होल खोकडाने खाल्ला की साधारण महिन्याभरात नव्या कृमींची अंडी बाहेर पडू लागतात. खोकड आणि व्होल या दोघांतच हे चक्र फिरत राहतं.

माणूस यात चुकून सापडतो. अंडं पोटात गेलं तर माणसाच्या यकृतात तीच अळी वाढू लागते, पण फार सावकाश. पाच वर्षं, दहा वर्षं, कधी पंधरा वर्षं काहीच कळत नाही. मग पोटात दुखतं, कावीळ होते, आणि तपासणीत यकृतात स्पंजासारखी, बारीक बारीक पोकळ्यांची गाठ दिसते. ती आजूबाजूच्या पेशींत मुळं रोवत पसरते, फुप्फुसात जाते, मेंदूत जाते. डॉक्टर ती कित्येक वर्षं कर्करोगच समजत होते. 1855 मध्ये रुडॉल्फ फिरशो या जर्मन वैद्याने दाखवून दिलं की ही गाठ परजीवीची आहे. उपचार झाले नाहीत तर दहा-पंधरा वर्षांत बहुतेक रोगी दगावतात. शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया करतात आणि अल्बेन्डाझोल वर्षानुवर्षं द्यावं लागतं. जगात दरवर्षी सुमारे 18 हजार नवे रोगी होत असावेत असा 2010 मधला अंदाज आहे, आणि त्यातले दहांपैकी नऊ एकट्या चीनमधले, मुख्यतः तिबेटच्या पठारावरचे आणि आसपासचे.

याच कृमीची थोरली बहीण आपल्याकडे आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कत्तलखान्यात तपासणीला उभा होतो, तेव्हा एका शेळीच्या यकृतावर लिंबाएवढे तीन फोड दिसले. सुरीचं टोक लागताच एक फुटला आणि स्वच्छ पाण्याची पिचकारी माझ्या एप्रनवर आली. त्या पाण्यात बारीक वाळूसारखे कण होते आणि प्रत्येक कणात एका भावी कृमीचं डोकं होतं. ही हायडॅटिडची गाठ, ‘एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस’ची. आपल्याकडे तिचं चक्र कुत्रा आणि शेळ्या-मेंढ्या-गुरं यांच्यात फिरतं. टाकाऊ आतडी-यकृतं कुत्र्यांपुढे फेकली जातात तोवर ते फिरत राहणार. त्या दिवशी घरी जाऊन मी या कुळाबद्दल वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता खोकडांपर्यंत, म्हणजे पार स्वीडनपर्यंत पोहोचलो.

स्वीडनची हकीकत नीट सांगायला हवी, कारण पुस्तकाचा गाभा तीच आहे.

या देशात हा कृमी नाही अशी सगळ्यांची खात्री होती. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला आधी जंताचं औषध द्यावं लागे. शिकाऱ्यांनी मारलेली खोकडं दरवर्षी तपासली जात, आकडा साधारण तीनशेच्या घरात. वर्षामागून वर्षं उत्तर एकच येई, नाही. मग पश्चिम किनाऱ्याकडच्या उद्देवाल्लाजवळ 2010 च्या डिसेंबरमध्ये मारलेल्या एका खोकडात कृमी सापडला आणि 2011 च्या सुरुवातीला तो जाहीर झाला. लगोलग देशभरातल्या शिकाऱ्यांना हाक दिली गेली. सुमारे तीन हजार खोकडं तपासून झाली तेव्हा बाधित निघाली फक्त तीन. तीही एका जागची नव्हेत. एक उद्देवाल्लाचं, एक कात्रिनहोल्मकडचं, एक बोर्लेंगेकडचं, म्हणजे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर.

आता हिशेब करून पाहू. हजारात एक खोकड बाधित असेल आणि वर्षाला तीनशे तपासली, तर एकही न सापडण्याची शक्यता किती? 0.999 ला स्वतःशीच तीनशे वेळा गुणायचं. उत्तर येतं 0.74. म्हणजे तपासणीची पद्धत अगदी बिनचूक असली तरी चारांपैकी तीन वर्षं कोरीच जाणार. इतकी वर्षं तपासणी करणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या चाळणीची भोकंच तेवढी मोठी होती. त्यांना मिळालेलं ‘नाही’ खरं तर ‘शंभरात एकाहून जास्त नाही’ असं होतं, आणि सगळ्यांनी ते ‘मुळीच नाही’ असं वाचलं.

‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांमधलं हे अंतर मोजायची विद्या म्हणजेच हा विषय, असं मी मानतो. युरोपीय संघाने 2011 च्या नियमावलीत हे अंतर आकड्यांत बांधून दिलं. आयर्लंड, फिनलंड आणि तेव्हा संघात असलेलं ब्रिटन यांसारख्या देशांना कृमीमुक्त म्हणवून घ्यायचं असेल, आणि त्या आधारावर येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सीमेवर येण्याआधी 24 ते 120 तासांत औषध देण्याची सक्ती करायची असेल, तर शंभरात एक इतकाही प्रादुर्भाव असता तर तो 95 टक्के खात्रीने पकडला गेला असता, हे दरवर्षी सिद्ध करायचं. बिनचूक पद्धतीने हे साधायला 299 खोकडं लागतात. पद्धत शंभर बाधितांतली 78 च पकडणारी असेल तर आकडा 383 वर जातो. ही वरची चौऱ्याऐंशी खोकडं पद्धतीच्या उणिवेपायी लागतात. म्हणून कोणती पद्धत वापरली हे सांगितल्याशिवाय निकालाचा आकडा वाचताच येत नाही, आणि म्हणूनच या पुस्तकाची अर्ध्याहून अधिक पानं पद्धतींवर खर्ची पडली आहेत.

त्यातली सर्वांत भरवशाची पद्धत प्रयोगशाळेत कशी चालते ते थोडं जवळून पाहू.

मेलेलं खोकड आलं की लगेच सुरी लावायची नाही. त्याच्या आतड्यात अंडी असू शकतात आणि ती माणसाला घातक असतात. साध्या गोठणाला ही अंडी दाद देत नाहीत. उत्तरेकडच्या हिवाळ्यात ती मजेत टिकतात आणि ओलसर थंड मातीत कित्येक महिने जगतात. त्यांना सोसत नाही ते ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी. म्हणून आतडं किंवा अख्खं जनावर उणे 80 अंशांवर काही दिवस ठेवतात आणि मगच कामाला घेतात. तरीही हातमोजे, मुखपट्टी, वेगळा झगा यांतून सुटका नाही.

आतडं वितळलं की ते उभं चिरून साधारण वीस-वीस सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि लिटरभर मिठाच्या पाण्यात टाकायचे. बरणी काही सेकंद जोरात हलवायची. मग एकेक तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ओढून काढायचा, जेणेकरून अस्तराला चिकटलेले कृमी सुटतील. चिमटीचा दाब किती असावा हे लिहून सांगता येत नाही, दहा-वीस आतडी हाताखालून गेली की बोटांना कळतं. पंधरा मिनिटं बरणी स्वस्थ ठेवायची. साका खाली बसतो. वरचं गढूळ पाणी हलकेच ओतून द्यायचं, नवं पाणी घालायचं, पुन्हा पंधरा मिनिटं. दोनदा, चारदा, सहादा, वरचं पाणी नितळ होईपर्यंत. शेवटी हातात येतो तो थोडासा साका. तो थोडा थोडा काचेच्या पसरट बशीत घ्यायचा, खालून उजेड सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौकट चौकट सरकवत पाहायचा. खोकडाने खाल्लेल्या उंदराचे केस, गवताच्या काड्या, किड्यांचे पाय, फळांच्या बिया, आणि त्यांच्यामध्ये, असला तर, तांदळाच्या कणीसारखा पांढुरका, चार खंडांचा तो. शंभरापर्यंत असतील तर सगळे मोजायचे. हजारांत असतील तर एक भाग मोजून गुणायचं. एका माणसाच्या हातून दिवसाला मोजकीच आतडी होतात. पाठ आणि डोळे दोन्ही शिणतात.

वेळ वाचवायला याची भावंडं निघाली. एकीत अस्तर काचपट्टीने पंधरा जागी खरवडून तेवढंच पाहतात. झुरिकमधल्या तपासणीत तिने साक्याच्या पद्धतीच्या तुलनेत 78 टक्के बाधित पकडले. वरच्या हिशेबातला 78 हा आकडा तिथलाच. फ्रान्समध्ये आतड्याचे पाच भाग करून त्यांतले ठरावीकच धुवायची युक्ती निघाली, कारण हा कृमी आतड्याच्या मागच्या भागात दाटी करून राहतो. कृमी कुठे राहतो हे माहीत असेल तर कमी कष्टात तो सापडतो. साधी गोष्ट, पण ती कळायला कुणीतरी आधी हजारो कृमी जागेनिशी मोजावे लागले.

कृमी दिसला म्हणजे ओळखला असं होत नाही. लाल खोकडाच्या पोटात पट्टकृमींची गर्दी असते. ‘टीनिया क्रॅसिसेप्स’, ‘टीनिया पॉलिअकँथा’, ‘मेसोसेस्टॉइडेस’ हे नेहमीचे. पूर्ण वाढलेले असले तर लांबीवरूनच वेगळे पडतात. पण कोवळे टीनिया किंवा तुटलेले तुकडे बशीत असले की नवशिक्या फसतो. मेसोसेस्टॉइडेसच्या डोक्यावर आकडेच नसतात आणि त्याचं जननछिद्र खंडाच्या मधोमध, पोटाच्या बाजूला असतं. बाकीच्यांचं खंडाच्या कडेला. एकायनोकॉकसच्या दोन बहिणींमधला भेद याहून बारीक. ग्रॅन्युलोससचं छिद्र खंडाच्या मध्याच्या मागे आणि गर्भाशयाला बाजूंना फुगवटे. आपल्या बुटक्याचं छिद्र मध्याच्या पुढे आणि गर्भाशय सरळ पिशवीसारखं. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो की शंभर बशा पाहिल्याशिवाय आपल्या ओळखीवर विसंबू नका, आणि शंभर पाहिल्यानंतरही शंका आली तर कृमी अल्कोहोलमध्ये घालून डीएनए तपासणीला पाठवा.

अंड्यांच्या बाबतीत तर डोळ्यांचा उपयोगच नाही. टीनियाची अंडी आणि एकायनोकॉकसची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी, सगळी तीस-चाळीस मायक्रॉनची. म्हणून विष्ठेवरून निदान करायचं तर रेणूंच्याच दारात जावं लागतं. 1990 च्या दशकात झुरिकमध्ये एक सुबक रीत बसवली गेली. विष्ठा झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात कालवायची म्हणजे अंडी वर तरंगतात, मग ती दोन चाळण्यांतून गाळायची. पहिलीची भोकं 41 मायक्रॉनची, तिच्यातून अंडी पार होतात आणि चोथा वर राहतो. दुसरीची भोकं निम्मी, तिच्यात अंडी अडतात. अडलेल्या अंड्यांवर पीसीआर ही डीएनए तपासणी करायची. स्वीडन आणि नॉर्वेच्या संशोधकांनी पुढे चुंबकाची रीत आणली. कृमीच्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाला जुळणारे धागे चुंबकीय मण्यांना बांधायचे, ते विष्ठेच्या अर्कात सोडायचे, धाग्यांनी आपला डीएनए पकडला की चुंबकाने मणी ओढून घ्यायचे आणि बाकीचं धुऊन टाकायचं. विष्ठेतले जे घटक पीसीआरला मोडता घालतात ते त्या धुण्यात निघून जातात. या रीतीचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा की खोकड मारावं लागत नाही. रानवाटेवर टाकलेली विष्ठा उचलली की पुरे. ती खोकडाचीच की कुत्र्याची, हा प्रश्न उरतोच, पण तोही डीएनएने सोडवता येतो.

रेबीज आणि खोकड यांवर एक वेगळं प्रकरण आहे, ते कुणी वगळू नये. 1978 मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती जंगलात टाकली गेली. पुढे दोन दशकांत पश्चिम युरोपातल्या मोठ्या भागातून खोकडांचा रेबीज हटला. माणसाने रानटी जनावरासाठी केलेल्या चांगल्या कामांत मी हे काम फार वर धरतो. रेबीज हटल्यावर खोकडं वाढली, शहरांत आली, बागांत राहू लागली, आणि त्यांच्याबरोबर हा कृमीही आला. झुरिकच्या शहरी वस्तीतल्या खोकडांची तपासणी झाली तेव्हा हिवाळ्यात जवळपास निम्मी बाधित निघाली. त्यातही बहुतेकांच्या पोटात थोडे कृमी आणि मूठभर खोकडांच्या पोटात दहा-दहा हजारांहून अधिक.

असा आकडा छापून आला की पहिली मागणी होते ती खोकडं मारण्याची. फ्रान्समध्ये नान्सी शहराभोवती चार वर्षं तसं करून पाहिलं. खोकडांची संख्या काही घटली नाही, कारण रिकाम्या जागी बाहेरून तरुण खोकडं येत राहिली. बाधितांचं प्रमाण मात्र 40 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर गेलं. उलट उदाहरण जपानच्या रेबुन बेटाचं दिलं जातं. तिथे 1920 च्या दशकात कुरील बेटांवरून खोकडं मुद्दाम आणून सोडली, उंदीर कमी व्हावेत आणि कातडी मिळावी म्हणून. त्यांच्याबरोबर कृमी आला आणि त्या लहानशा बेटावर शंभराहून अधिक माणसं आजारी पडली. शेवटी बेटावरची खोकडं आणि कुत्री संपवून तो थांबवला. समुद्राने वेढलेल्या बेटावर जे जमलं ते खंडाच्या मध्यावर जमत नाही. झुरिकला औषधाची आमिषं ठेवून कृमी कमी करता आला, तो मार्ग मला पटतो. महाग आहे, सतत चालवावा लागतो, पण जनावर जगतं.

जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये आता पुष्कळ मराठी घरं आहेत. श्वाबियन आल्बच्या टेकड्या श्टुटगार्टहून तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि हान्स फोगेल यांनी 1950 च्या दशकात युरोपातलं खोकड-व्होल हे चक्र तिथल्याच भागात उलगडलं. अलास्काकडच्या सेंट लॉरेन्स बेटावर रॉबर्ट राऊश यांनीही त्याच दशकात तेच दाखवलं. त्या टेकड्यांत मुलांना घेऊन रानमेवा वेचायला जाणाऱ्यांनी या पुस्तकाने भिऊन जाऊ नये. फळं धुवावीत, मातीतले हात धुवावेत, आणि घरचं कुत्रं उंदीर मारून खाणारं असेल तर पशुवैद्याला विचारून त्याला वेळच्या वेळी प्राझिक्वान्टेल द्यावं.

आणि आपलं खोकड? सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर खोकडं आणि गावकुत्री एकमेकांशी कशी वागतात यावर चांगलं संशोधन झालं आहे. त्याच माळावर शेळ्या-मेंढ्यांचे कळप चरतात. कुत्र्यांच्या पोटातलं काय खोकडांकडे जातं, हे विचारायला लागणारी साधनं फार महाग नाहीत. एक जड द्रावण, दोन चाळण्या, एक चांगला सूक्ष्मदर्शक, अंड्यांचा डीएनए तपासून देणारी एखादी प्रयोगशाळा आणि विष्ठा कुणाची हे ओळखणारी वाटाड्याची नजर. मेंढपाळांच्या पोरांकडे ती नजर असते. विष्ठा गोळा करण्याचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी मुद्दाम कोरा छापला आहे. तारीख, जागा, ताजी की वाळलेली, आसपास कुत्र्यांचा वावर, आणि शेवटच्या रकान्यात निकालाबरोबर, पद्धत कोणती आणि किती नमुने पाहिले, यासाठी जागा.